चरात काय आहे?

संपादकांनी माझ्याकडे खुनाचा खटला मागितला होता. दिवाळीत फराळाबरोबर रक्त असलं म्हणजे अंक खपतो, असं त्यांनी लिहिलं नव्हतं, पण मला कळलं. मी त्यांना कळवलं की खून करणारी माणसं फार सोपी असतात. चिडतात, मारतात आणि मग रडतात. अवघड माणसं पाहायची असतील तर एकाच पणजोबाची चार नातवंडं-पणतवंडं घ्यावीत आणि त्यांच्या मधोमध एक पडीक जागा ठेवावी. माझा जन्म बारामतीच्या कोर्टात गेला तो मुख्यतः असल्या जागांवर. तेव्हा खुनाऐवजी एका बखळीची गोष्ट सांगतो. संपादकांना नको असेल तर त्यांनी पान कोरं सोडावं.

आधी माझ्या स्वभावाबद्दल. वकिलानं पहिला संशय घ्यायचा तो आपल्याच अशिलाचा. विरुद्ध बाजूच्या माणसावर संशय कोणीही घेतो, त्याला सनद लागत नाही. एक गृहस्थ एकदा माझ्याकडे आले, शेजाऱ्यानं बांधावरची बाभूळ तोडली म्हणून फिर्याद करायची होती. बोलता बोलता त्यांनी हात जोडले तेव्हा तळहातावर कुऱ्हाडीचे ताजे फोड दिसले. बाभूळ त्यांनीच तोडली होती. तेव्हापासून मी माणसाच्या तोंडाआधी त्याचे हात बघत आलो. बायको म्हणायची, तुम्ही देवासमोर उभे राहिलात तरी आधी देवाचे हातच बघाल. बघतोच.

राहीबाई आली ती वैशाखातल्या एका सकाळी. त्या काळी, म्हणजे एकोणीसशे तीसनंतरच्या त्या वर्षांत, कालव्याच्या पाण्यानं बारामतीच्या भोवती ऊस पिकत होता, गुऱ्हाळं चालत होती, आणि जमिनीला भाव आल्यामुळे आमच्याही चुली बऱ्या पेटत होत्या. राहीबाई विधवा, बाजारात भाजी विकायची. मी तिचे हात पाहिले. दोन्ही तळव्यांत फड्या निवडुंगाचे बारीक काटे रुतलेले होते आणि बोटं सुजली होती.

तिची तक्रार अशी होती. तिच्या घरामागे एक बखळ होती. बखळ म्हणजे घरांच्या मधे मोकळी पडलेली जागा. ही बखळ चौघांची सामाईक. एक हिस्सा राहीबाईच्या मेलेल्या नवऱ्याचा, म्हणजे आता तिचा. दुसरा बापूचा. त्याचं गुऱ्हाळ होतं आणि घर बखळीच्या पूर्वेला. तिसरा नामदेवचा. तो शिंपीकाम करायचा आणि पश्चिमेला राहायचा. चौथा गेनूतात्यांचा. ते तरुणपणीच गाव सोडून इंदापूर तालुक्यात अंथुर्ण्याला शेती करायला गेले ते परत फिरकले नव्हते. चौघंही एकाच पणजोबाचे वारस. एकमेकांच्या लग्नाला जात आणि जेवून आल्यावर एकमेकांच्या मिठाचं माप काढत.

बखळीत निवडुंग माजला होता. लोकांनी उकिरडा केला होता. बापूच्या आणि नामदेवच्या मोरीचं पाणी तिकडेच सुटायचं. राहीबाईच्या भिंतीलगत जुना, दगडांनी बांधलेला एक चर होता. पूर्वी सगळं पाणी त्या चरातून ओढ्याकडे जायचं. चर गाळानं आणि कचऱ्यानं बुजला, आणि पाणी राहीबाईच्या भिंतीत मुरायला लागलं.

"भिंत पडल म्हून भ्या न्हाय मला," ती म्हणाली. "माझी गजरा बाळंतपनाला येनार हाय. त्याच खोलीत."

घर दोन खोल्यांचं. पुढची रस्त्यावर उघडी, भाजीच्या पाट्यांनी भरलेली. बंद खोली ती एकच, मागची. गजराचं पहिलं मूल त्याच खोलीत झालं आणि पाचवी पुजायच्या आत गेलं. सासरचे म्हणत होते की त्या ओलीत मूल मरणारच, यंदा पाठवत नाही. आणि सासरी राहिली तर दिवस भरेपर्यंत तिला उसाच्या खुरपणीतून सुटका नव्हती. श्रावणात बाळंतपण होतं. त्याआधी चर मोकळा व्हायला हवा होता, बाकी बखळीचं काही का होईना. म्हणून ही बाई स्वतःच विळा घेऊन गेली. दोन-चार पानं तोडते न तोडते तोच बापूची बायको येऊन चराच्या तोंडावर मांडी घालून बसली, आणि नामदेव पोलीस चौकीवर जाऊन सांगून आला की चुलती सामाईक जागा बळकावतेय.

मला तिची कणव आली हे खरं, पण संशयही आला. रडत आलेली आणि जागा घेऊन गेलेली माणसं मी पाहिली होती. म्हणून मी काही कबूल न करता तिच्या घरी गेलो. भिंतीला कमरेपर्यंत लोणा लागला होता, हात लावला की पांढरा भुगा पडत होता. हिनंच पाणी मारून ठेवलं नसेल ना, असंही मनात येऊन गेलं. म्हणून कोपऱ्यात काठीनं उकरून पाहिलं, तर आतपर्यंत चिखल आणि वास उकिरड्याचा. कोपऱ्यात एक विंचू निघाला. तो राहीबाईनं चपलेनं मारला आणि मला बसायला पाट दिला. मी उभाच राहिलो. बाळंतिणीची बाज याच भिंतीला लागणार होती. मी तिथंच वकीलपत्र घ्यायचं ठरवलं.

आता बाहेरच्या माणसाला वाटेल, कायद्यात याला उपाय असेलच. उपाय पुष्कळ आहेत. पहिला, सरसनिरस वाटपाचा दावा. कोर्ट चौघांचे हिस्से पाडून देतं. पण त्यात चौघंही हजर लागतात, मधे एखादा मेला की त्याचे वारस आणावे लागतात, आणि गजराचं मूल शाळेत जाईपर्यंत निकाल लागला तरी नशीब. दुसरा, घाणीचा उपद्रव होतो म्हणून मॅजिस्ट्रेटकडे अर्ज. तिथं विचारतात, उपद्रव सार्वजनिक आहे का? एका बाईची एक भिंत हा सार्वजनिक उपद्रव नव्हे. तिसरा, नगरपालिका. पालिका मालकाला नोटीस देते. मालक म्हणतो, मी पाव मालक आहे, बाकीच्या पाऊण मालकांना विचारा. चौथा मामलेदारांपुढे, पाण्याचा मार्ग अडवला म्हणून. पण ते दार शेतातल्या पाण्यासाठी.

आणि पाचवा उपाय सगळ्यांत सोपा, म्हणून सगळ्यांत निरुपयोगी. सामाईक जागा कोणीही एक हिस्सेदार साफ करू शकतो. परवानगी लागत नाही, आणि साफ केल्यानं जागा त्याची होत नाही. परका माणूस बारा वर्षं उघडपणे एखादी जागा वापरत राहिला तर मालकाला ती गमवावी लागते, ही गोष्ट गावोगाव सगळ्यांना ठाऊक. पण भाऊबंदांना ती तशी लागू नाही. एका हिस्सेदाराचा ताबा हा सगळ्यांचा ताबा धरतात, तो इतरांचा हक्क तोंडावर नाकारून त्यांना बाहेर काढीपर्यंत. हे मी बापूला आणि नामदेवला कोर्टाच्या आवारात गाठून, वडाखाली बसवून, फुकट समजावलं. ही चूक झाली. वकील फुकट बोलतोय म्हटल्यावर दोघांचेही डोळे बारीक झाले. बापूनं घरी जाऊन सांगितलं की म्हातारीनं वकिलाला बखळीत हिस्सा कबूल केलाय.

मी रीतसर रजिस्टर नोटिसा पाठवल्या, की सर्वांनी मिळून चर उपसावा. आमच्याकडे रजिस्टर पत्र घेणं म्हणजे आतला मजकूर कबूल करणं, असा एक पक्का समज होता. पोस्टमन दारात दिसला की लोक मागच्या दारानं निघत. बापूची आणि नामदेवची पाकिटं न उघडता परत आली. अंथुर्ण्याचं परत आलं नाही. कोणीतरी ते घेतलं होतं, म्हणजे तिथं निदान वेगळ्या जातीचा संशय असणार. मी इंदापूरच्या सर्व्हिस मोटारीत बसलो.

गेनूतात्या कांदे रचून झाकलेल्या अरणीजवळ बसले होते. पाकीट त्यांच्या मुंडाशात होतं, बंदच. ते म्हणाले, घेतलं कारण पोस्टमन उन्हातून चालत आला होता, उघडलं नाही कारण पोस्टमनचं काम ते घेण्यापुरतंच होतं. मी सगळी हकीकत सांगितली आणि संमतीचा कागद पुढे केला. अंगठा उठवा, एवढंच मागणं. तात्यांनी कागदाकडे पाहिलं आणि हात मांडीखाली घेतला.

"वकीलसायेब, अंगठा दिला की मानूस जातो, कागुद ऱ्हातो," ते म्हणाले. "मी सवता येतो बाजारच्या दिशी. तोंडानं काय सांगायचं ते सांगतो."

म्हातारा खरंच येईल यावर माझा विश्वास नव्हता. आला तर स्वतःचा चौथा हिस्सा मोजून घ्यायलाच येईल, अशी खात्री होती. तरीही मी एक केलं. बारामतीला परतल्यावर बापूच्या गुऱ्हाळावर काकवी घ्यायला गेलो आणि तात्या येणार असल्याचं सहज बोलून आलो. काकवी मला आवडत नाही.

बाजारच्या दिवशी बखळीत सगळे हजर होते. तात्या, बापू, नामदेव, दोघांच्या बायका, भिंतीला टेकून राहीबाई, आणि मी. गजरा आदल्या दिवशीच आली होती, सासरच्यांशी भांडून. सातवा सरत आलेली, बारीक अंगाची पोर मागच्या दारात उभी राहून ऐकत होती. तिला पाहून बायका जरा मऊ झाल्या, पुरुष नाहीत.

मी म्हटलं, दावा नको, कोर्ट नको. सुतळी आणा, आत्ता इथंच चार वाटे करू. फक्त चर सगळ्यांसाठी मोकळा राहू द्या. यावर बरीच कुरकुर झाली. पूर्वेकडची बाजू उंच म्हणून कोणाला हवी, पश्चिमेला रस्ता म्हणून कोणाला हवी. तात्यांना वाटा नकोच होता, पण बापूला दिलेला चालणार नव्हता. ऊन चढत गेलं. मग राहीबाई भिंतीपासून पुढे आली.

"मला वाटा नगं," ती म्हणाली. "माझा वाटा तुमी तिगं वाटून घ्या. मला ह्यो चर तेवढा द्या. हातभर रुंदीचा."

मी तिच्याकडे बघत राहिलो. चांगला पाव हिस्सा सोडून एक बुजलेला चर मागणारी अशील मला आधी भेटली नव्हती, नंतरही नाही. मी तिला बाजूला घेऊन थांबवणार होतो. पण तेवढ्यात माझं लक्ष बाकीच्यांकडे गेलं. कुरकुर बंद झाली होती. बापू चराकडे बघत होता. नामदेव बापूकडे बघत होता.

"चरात काय हाय?" बापूनं विचारलं.

"पानी," राहीबाई म्हणाली.

यावर कोणाचा विश्वास बसेल? माझाही बसला नाही. तात्या काठीवर हनुवटी टेकून म्हणाले की त्यांच्या आजीच्या तोंडी एक गोष्ट असायची. पणजोबांनी लुटालुटीच्या दिवसांत तांब्याचा हंडा कुठंतरी पुरला, ती जागा कोणाला न सांगता ते गेले. नामदेवच्या बायकोनंही ऐकली होती. बापू म्हणाला, त्याला काही ठाऊक नाही. हे तो इतक्या घाईनं म्हणाला की ठाऊक असल्याचं सगळ्यांना कळलं. आणि राहीबाई त्या घरात नांदून म्हातारी व्हायला आलेली. ती नुसती खाली बघत उभी होती.

"चर कुनाला द्यायचा न्हाय," बापू म्हणाला. "त्यो सामाईकच ऱ्हाईल."

"आन् उपसायचा तर समद्यांनी मिळून," नामदेव म्हणाला. "समद्यांच्या डोळ्यांम्होरं."

मी तेव्हा जन्मात लिहिलं नसेल इतक्या चपळाईनं लिहिलं. चर चौघांचा सामाईक राहील. दर वर्षी मृगाआधी चौघांनी मिळून तो तळापर्यंत उपसावा. चौघं हजर असल्याशिवाय कोणीही एकट्यानं त्यात हत्यार घालू नये. जी माणसं रजिस्टर पाकिटाला हात लावत नव्हती, ती या कागदावर अंगठा उठवायला एकमेकांना ढकलत पुढे आली. तात्यांनीसुद्धा उठवला. मग मला म्हणाले की आपला अंगठा बापूच्या अंगठ्याच्या वरच्या अंगाला आहे ना, तेवढं बघा. कायद्यानं जे मला महिनाभरात साधलं नव्हतं ते उकिरड्याच्या कडेला उभ्यानं साधलं. याचा मला आनंद झाला, आणि आपली विद्या नेमकी कशाच्या उपयोगाची असा प्रश्नही पडला.

उपसायला त्याच दुपारी सुरुवात झाली, कारण त्या चराला एकटं सोडून घरी जायला कोणी तयार नव्हतं. बापूनं निवडुंग तोडला, नामदेवनं गाळ ओढला, बायकांनी पाट्या वाहिल्या. प्रत्येक पाटी ओतण्याआधी बोटांनी चाळली जात होती. तात्या वरच्या दगडावर बसून सगळ्यांच्या हातांकडे बघत होते. असं निरीक्षण मी कोर्टातही पाहिलं नाही. बांगड्यांच्या काचा निघाल्या, एका पितळी वाटीचं बूड निघालं, मोडका विळा निघाला. संध्याकाळ व्हायच्या सुमारास तळाची फरशी लागली. बापूच्या मोरीचं पाणी अडखळत आलं, फरशीवर पसरलं आणि ओढ्याकडे वळलं. गजरा दारात बसून ते पाणी जाताना बघत होती. तिनं पदर तोंडात धरला होता आणि ती रडत होती. मला तिथं फार वेळ उभं राहवेना.

हंडा मिळाला नाही. यानं संशय संपला असता असं कोणाला वाटेल, पण मिळाला नाही म्हणजे कोणीतरी आधीच काढला, किंवा चरात नसून बखळीत आहे, असे दोन पक्ष पडले. पुढच्या वर्षी दुसऱ्या पक्षाच्या आग्रहानं अख्खी बखळ खणून साफ झाली. मधल्या काळात श्रावणात गजराला मुलगी झाली. भिंत उरलेल्या उन्हाळ्यात वाळली होती, राहीबाईनं ती शेणामातीनं लिंपून घेतली होती. पाचवी झाली, बारसंही झालं. मुलीचं नाव तारा ठेवलं. मला बोलावणं होतं. मी गेलो, पाळण्यात पाहिलं, आणि बाहेर पडताना भिंतीला हात लावून पाहिला. कोरडी होती.

त्यानंतर दर वर्षी मृगाआधी चर उपसला जायचा. मलाही बोलावत, साक्षीदार म्हणून. बापू मला गूळ देई आणि नामदेव काही देत नसे, त्यामुळे नामदेवचा माझ्यावर संशय होता. तात्या अंथुर्ण्याहून न चुकता येत. एकदा तर तापात आले.

एका वर्षी, बाकीचे हातपाय धूत असताना, मी राहीबाईला विचारलं की त्या दिवशी हंड्याची गोष्ट तुम्हाला आठवत होती की नव्हती? तिनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "पानी जातंया न्हवं?" एवढंच. माझ्या हयातीत मी भल्याभल्या साक्षीदारांची उलटतपासणी केली, पण या बाईकडून मला एक वाक्य जास्तीचं मिळालं नाही. कधी वाटायचं, बिचारी साधी, खरंच चराशिवाय काही नको होतं तिला. कधी वाटायचं, आपल्याला सगळ्यांना हिनं सुतळीला बांधून नाचवलं. अनेक वर्षं मी हा संशय बाळगला.

मग माणसं गेली. आधी तात्या, मग नामदेव, मग बापू आणि शेवटी राहीबाई. मीही कोर्टात जाणं सोडलं. नवी पिढी शिकलेली, एकमेकांशी प्रेमानं वागणारी. बापूचा मुलगा आणि नामदेवचा मुलगा तर एकत्र धंदा करतात. चर उपसायचं त्यांच्यापैकी कोणाला सुचत नाही, कारण कोणाला कोणाची भीती नाही. परस्परांवर इतका विश्वास की दोघंही म्हणतात, दुसरा करीलच.

गेल्या उन्हाळ्यात एक बाई माझ्या दारात उभी राहिली. मी सवयीनं हात पाहिले, मऊ होते, शिक्षिकेचे. तारा, गजराची मुलगी. ते घर आता तिच्याकडे आहे आणि गजरा तिच्याजवळ राहते, अंथरुणाला खिळलेली. त्याच मागच्या खोलीत, कारण बंद खोली अजून ती एकच. भिंतीला पुन्हा लोणा धरला होता. तिनं नगरपालिकेला अर्ज दिला होता, दोन्ही घरी जाऊन हात जोडले होते. सगळे गोड बोलले. मी तिला उपाय सांगू लागलो, पहिला वाटपाचा, दुसरा उपद्रवाचा. तिनं मला मधेच थांबवलं.

"आजोबा, ते नको," ती म्हणाली. "आजी जाताना सांगून गेलीय. चर तुंबला तर वकीलसाहेबांकडे जा, आणि म्हणावं, हंड्याचं नाव काढा."

मला हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही आलं, ते तिनं पाहिलं. इतक्या वर्षांच्या संशयाचा निकाल लागला होता, आणि ज्या बाईला शाबासकी द्यायची ती नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी काठी घेतली आणि चालत बापूच्या मुलाच्या दुकानावर गेलो. त्यानं आदरानं बसवलं, चहा मागवला, नामदेवच्या मुलालाही हाक मारली. मी तब्येतीच्या गोष्टी केल्या, उसाच्या भावाच्या केल्या. मग उठता उठता म्हटलं, अरे, तुमच्या त्या चरातल्या हंड्याचं पुढे काय झालं?

दोघांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग एकमेकांकडे. बापूच्या मुलानं हातातला कप खाली ठेवला.

"कसला हंडा?" त्यानं विचारलं.